श्रीलंकेतील जंगलयुद्धाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात : शांतिसेनेतील माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी

भारतीय शांतिसेनेतून १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेले जवान आज साठीच्या आणि सत्तरीच्या घरात आहेत. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंट या दोन्हींच्या पलटणी तिथे लढल्या, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या जंगलातून परतलेला एखादा तरी सुभेदार, हवालदार किंवा नाईक आढळतो. गावाला तो 'मिलिटरीतून रिटायर झालेले आबा' म्हणून ठाऊक असतो. तो कोणत्या लढाईत होता, हे मात्र शेजाऱ्यांनाच काय, पुष्कळदा त्याच्या मुलांनाही नीट सांगता येत नाही. कारगिलची लढाई दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचली, 'ऑपरेशन पवन', म्हणजे श्रीलंकेतील ही मोहीम, तसे पोहोचले नाही. म्हणून या माणसांच्या आठवणी त्यांच्या हयातीत, त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवणे हे काम घरच्यांनाच करावे लागणार आहे. ते कसे करावे, हे मी अशा मुलाखती घेताना जे शिकलो त्यावरून येथे लिहीत आहे. हे सारे करताना एक गोष्ट ढळू देऊ नये : नोंद अपुरी राहिली तरी चालेल, परंतु सांगणाऱ्या माणसाला तिच्यापायी त्रास होता कामा नये.

आधी स्वतः माहिती करून घ्यावी

समोरच्या माणसाला 'तुम्ही तिकडे कशासाठी गेला होता?' असे विचारावे लागले, तर आपल्याला काहीच ठाऊक नाही हे त्याला कळते आणि तो मोघम चार वाक्ये सांगून विषय संपवतो. त्यामुळे किमान घटनाक्रम तोंडपाठ असावा. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, आणि तमिळ गटांची शस्त्रे जमा करून घेण्यासाठी व शस्त्रसंधीवर देखरेख ठेवण्यासाठी भारतीय सैन्य तिकडे उतरले. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिट्टेशी, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सर्वांत प्रबळ गटाशी, उघड युद्ध सुरू झाले. ११ व १२ ऑक्टोबरच्या दरम्यानच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतील जवळजवळ सर्व जवान मारले गेले. महिनाअखेरीपर्यंत जाफना शहर ताब्यात आले, पण लढणारे बंडखोर दक्षिणेकडच्या वन्नी भागातील जंगलात शिरले, आणि पुढची दोन वर्षे वावुनिया, मुल्लैतिवू, किलिनोच्ची या पट्ट्यात गस्त, घेराव, सुरुंग आणि अ‍ॅम्बुश (दबा धरून केलेला हल्ला) असे युद्ध चालू राहिले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. या काळात सुमारे १,२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले आणि ३,००० हून अधिक जखमी झाले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या घटनाक्रमाचा प्रत्यक्ष उपयोग असा की, आपला माणूस नेमका केव्हा आणि कुठे होता हे एकदा कळले की प्रश्नच बदलतात. जाफन्यात लढलेल्याला अरुंद गल्ल्या, ताडाची झाडे, छपरांवरून आणि भिंतींमागून होणारा गोळीबार आठवतो. वन्नीत १९८८-८९ साली असलेल्याला मात्र पाच-दहा पावलांपलीकडे काही न दिसणारे काटेरी रान, पाण्याची टंचाई आणि पायाखालच्या जमिनीची भीती आठवते. दोघांनाही एकाच मापाने प्रश्न विचारले, तर निम्मे प्रश्न वाया जातात.

घरातील कागद पाहायला विसरू नये. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पदकांची पेटी, जुनी इनलँड पत्रे, पलटणीचा ग्रुप फोटो असे जे असेल ते बाहेर काढावे. स्पेशल सर्व्हिस मेडलवर 'श्रीलंका' असा क्लास्प (फितीवरची धातूची पट्टी) असेल, तर तिथल्या सेवेचा पुरावा घरातच आहे. काही गहाळ असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव आणि महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर येथून, पत्रव्यवहार करून विचारता येते.

सुरुवात कुठून करावी

लढाईपासून सुरुवात करू नये. भरती कशी झाली, कोणत्या मैदानावर धावायला लावले, ट्रेनिंगला कोण उस्ताद होते, पहिला पगार घरी कसा पाठवला, अशा प्रश्नांनी पहिली बैठक पूर्ण भरू द्यावी. या आठवणी माणसाला आनंद देतात, त्याचा आवाज मोकळा होतो, आणि मुख्य म्हणजे विचारणारा घाईत नाही याची त्याला खात्री पटते. श्रीलंकेचा विषय दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत आपोआप येतो. तो त्यांनी काढावा, आपण काढू नये.

तारखा विचारून फारसे हाती लागत नाही. पस्तीस वर्षांनंतर महिना आणि वार कुणाच्या लक्षात राहत नाही, उलट तारीख आठवेना म्हणून माणूस ओशाळतो आणि बाकीचेही सांगेनासा होतो. त्याऐवजी सणावारांचा आणि पावसाचा आधार घ्यावा. १९८७ ची दिवाळी जाफन्याच्या लढाईच्या ऐन मध्यावर, २२ ऑक्टोबरला आली होती; म्हणून 'आबा, ही गोष्ट दिवाळीच्या आधीची की नंतरची?' हा एकच प्रश्न पुष्कळसा गुंता सोडवतो. त्या भागात मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये पडत नाही, तो ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वाऱ्यांनी पडतो. तेव्हा 'अंगावरचे कपडे ओले असायचे की पाण्यासाठी जीव जायचा?' असे विचारले, तर घटना वर्षाच्या कोणत्या भागातली आहे हे समजते. सुट्टीवर घरी आले तेव्हा शेतात काय उभे होते, कुणाचे लग्न होते, कोणते मूल झाले होते, या खुणाही पक्क्या असतात, आणि त्या घरातील इतरांकडून पडताळून घेता येतात.

जंगलाबद्दल विचारताना प्रश्न शरीराचे असावेत. पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, काय काय असायचे आणि त्यातले वजनदार काय होते? एका बाटलीत किती वेळ काढावा लागे? पुढचा माणूस किती अंतरावर असे, आणि तो दिसेनासा झाला तर काय करायचे? रात्री अ‍ॅम्बुश लावून बसल्यावर खोकला आला तर? शकरपारे खाऊन किती दिवस काढले? आपल्या जवानांच्या हातात तेव्हा लांब नळीची एसएलआर रायफल होती आणि समोरच्यांकडे बहुधा एके-४७. दाट झाडीत त्या लांबीचा काय त्रास होई, हे विचारल्यावर गप्प माणूसही बोलू लागतो, कारण हा प्रश्न त्याच्या कसबाचा आहे.

अशाच एका प्रश्नावर एक निवृत्त हवालदार खुर्चीतून उठले आणि अंगणात चालून दाखवू लागले. टाच न आपटता पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची, खाली वाळकी काटकी लागली तर वजन न टाकता पाऊल उचलून घ्यायचे, उजव्या हातात रायफल, डावा हात पुढे. समोर फांदी आली की ती बाजूला सारून सोडून द्यायची नाही, कारण सुटलेली फांदी आवाज करते आणि मागच्याच्या डोळ्यावर बसते. ती मागच्या जवानाच्या हातात द्यायची, त्याने त्याच्या मागच्याच्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी ती नसलेली फांदी माझ्याकडे धरली आणि मी हात पुढे करेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. अशी गोष्ट निव्वळ आवाजाच्या नोंदीत येत नाही, म्हणून शक्य असल्यास बाजूला एखादा फोन व्हिडिओवर लावून ठेवावा. मात्र कॅमेरा समोर दिसला की आवाज बदलणारी माणसेही असतात, त्यांच्या बाबतीत व्हिडिओचा हट्ट सोडावा आणि हालचालींचे वर्णन नंतर आपण स्वतः लिहून काढावे.

जे विचारू नये

'तुम्ही किती जणांना मारले?' हा प्रश्न कधीही, कुणीही, गमतीनेसुद्धा विचारू नये. नातवंडे हटकून हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांना आधीच बाजूला घेऊन समजावून सांगावे. तसेच 'भीती वाटली का?' हाही प्रश्न टाळावा, कारण त्याचे ठरलेले उत्तर 'फौजीला भीती नसते' असे येते आणि त्या उत्तरामागे दार बंद होते. त्याऐवजी 'त्या रात्री झोप लागली का?' असे विचारावे.

सर्वांत अवघड भाग सामान्य तमिळ लोकांविषयीचा आहे. आपल्या सैन्याच्या हातूनही तिथे निरपराध माणसे मेली. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात साठहून अधिक रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले, ही नोंदलेली घटना आहे. साध्या कपड्यातला माणूस शेतकरी आहे की लढवय्या हे ओळखता येत नव्हते, आणि त्या अनिश्चिततेचा भार गोळी खाणाऱ्यावर पडला तसा गोळी झाडणाऱ्यावरही राहिला. आपला माणूस या विषयावर बोलू लागला, तर त्याची बाजू घेऊन 'तुमची काय चूक, युद्धच होते' असे मध्येच म्हणू नये आणि न्यायाधीशाच्या आवाजात उलटतपासणीही करू नये. त्याला बोलून पुरे करू द्यावे. पुष्कळदा तो एखाद्या म्हातारीची, एखाद्या घराच्या उंबरठ्याची किंवा एखाद्या लहान मुलाची गोष्ट सांगतो आणि तिचे स्पष्टीकरण देत नाही. तेही जसेच्या तसे लिहावे. आपल्या मनाने त्यात शौर्य किंवा पश्चात्ताप भरू नये.

मध्येच थांबल्यास

सांगता सांगता माणूस थांबतो, नजर कुठेतरी लागते, हाताची बोटे हलत राहतात, कपाळाला घाम येतो, वर्तमानकाळात बोलू लागतो : 'पुढे नाईक आहे, मी दोन नंबरला आहे.' ही बदललेली क्रियापदे लक्षात घ्यावीत. तो आठवत नसून त्या क्षणी तिथे पोहोचलेला असतो. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारू नये. रेकॉर्डिंग बंद करण्याची घाईही करू नये, कारण बटण दाबण्याच्या हालचालीने माणूस दचकतो. शांत आवाजात त्याला नेहमीच्या नावाने हाक मारावी, पाणी द्यावे, अंगणात बाहेर यायला सांगावे, गाईगुरांचा, पावसापाण्याचा, समोर दिसणाऱ्या कशाचाही विषय काढावा. अंगाला एकदम हात लावू नये, मागून तर मुळीच नाही. सावरल्यावर 'आज इथेच थांबू' असे आपणच म्हणावे, म्हणजे थांबण्याचा कमीपणा त्याच्याकडे जात नाही.

बैठक नेहमी सकाळी किंवा दुपार कलण्याआधी घ्यावी. संध्याकाळी उकरलेली आठवण घेऊन माणूस अंथरुणावर जातो आणि रात्र घरच्यांना जागून काढावी लागते. दीड तासाहून अधिक बसू नये, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे लढाईपासून दूर आणून सोडावीत. दुसऱ्या दिवशी झोप कशी लागली याची चौकशी त्याच्याकडे नव्हे, घरच्यांकडे करावी. तो 'बरी लागली' असेच सांगणार. झोप उडणे, चिडचिड, दारू वाढणे, एकटे बसून राहणे हे आठवडाभर टिकले, तर बैठका बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, या आजारावर उपचार आहेत आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी मिळते, आणि टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते. 'वेड्याचा डॉक्टर' हे शब्द घरात कुणी उच्चारू नयेत.

घरातील बाईला स्वतंत्रपणे विचारावे

लढाईची किंमत नोंदवायची असेल, तर तिचा मोठा हिशेब सैनिकाजवळ नसतो, त्याच्या बायकोजवळ असतो. ही मुलाखत वेगळी घ्यावी, नवरा समोर नसताना घ्यावी, आणि तिला 'त्यांच्याबद्दल सांगा' असे न म्हणता 'काकू, तुमचे ते दिवस कसे गेले?' असे विचारावे. त्या काळात पत्र आठवड्यांनी येई, गावात फोन असलाच तर एखाद्या दुकानात, आणि तारवाला दिसला की सगळ्या फौजी घरांत चुली थबकत. रेडिओवर श्रीलंकेची बातमी लागली की कोण जागे राहत असे, सासूने काय सांगून धीर दिला, कोणता नवस बोलला गेला, तो फेडला का, हे सारे तिच्याकडेच मिळते.

पुढची वर्षेही तीच सांगू शकते. एका काकूंनी मला सांगितले की त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून शेतात जाताना मळलेल्या पायवाटेने कधी चालत नाहीत. बांधाच्या कडेने, गवतातून, काट्याकुट्यातून जातात आणि मुलांनाही तसेच न्यायचे. वन्नीत पायवाटांवर लिट्टेचे लहान, लाकडी खोक्यातले 'जॉनी' सुरुंग पेरलेले असत, ते पाऊल घेऊन जात. ती सवय अंगात राहिली होती. काकूंना हे कारण ठाऊक नव्हते. त्यांनी ते इतकी वर्षे नवऱ्याचा हेकटपणा समजून सोसले होते. म्हणून अशा सवयी नेमकेपणाने विचाराव्यात : दिवाळीत फटाक्यांच्या वेळी ते कुठे जातात, दाराकडे पाठ करून जेवायला बसतात का, रात्री अंगावरचे पांघरूण ओढले तर काय करतात, मुलांवर हात उचलला का. शेवटचा प्रश्न जड आहे, आणि ती उत्तर देत नसेल तर पुन्हा विचारू नये. तिने जे सांगितले ते नवऱ्याला ऐकवायचे की नाही, हा निर्णय पूर्णपणे तिचा.

ज्या घरात तो परतलाच नाही, तिथे अधिक जपून जावे. शव गावी आणण्याची आज दिसणारी पद्धत कारगिलनंतर रुळली. त्याआधी कित्येक घरी तार, मग अस्थी आणि त्याच्या सामानाची ट्रंक एवढेच आले. चेहरा न पाहिलेल्या आईने किंवा पत्नीने पुढे कित्येक वर्षे तो कुठेतरी जिवंत असेल अशी आशा धरली असेल, तर तिला तथ्ये सांगून दुरुस्त करणे हे आपले काम नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर ऑपरेशन पवनमधील हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत आणि श्रीलंकेतही कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुरा कोट्टे येथे शांतिसेनेचे स्मारक आहे, हे मात्र कुटुंबाला अवश्य सांगावे. अनेकांना त्याची कल्पना नसते. शक्य असल्यास नावाचा फोटो मिळवून द्यावा.

पाय किंवा हात गमावलेल्यांच्या बाबतीत पुण्याचा उल्लेख येतोच. वानवडीचे आर्टिफिशिअल लिंब सेंटर आणि खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर या दोन जागांनी अशा कित्येकांचे पुढचे आयुष्य उभे केले. तिथे शेजारच्या खाटेवर कोण होते, कृत्रिम पाय लावून पहिल्यांदा उभे राहिल्यावर काय वाटले, तो पाय चिखलाच्या रानात कसा वागतो आणि किती वर्षांनी बदलावा लागतो, असे विचारावे. जखमेच्या क्षणापेक्षा त्या प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची असतात.

एक जुनी बोच अनेकांच्या बोलण्यात येईल. मार्च १९९० मध्ये परतलेल्या सैन्याचे स्वागत करायला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, आणि आपण लढलो कुणासाठी हा प्रश्न घेऊनच अनेक जवान बोटीतून उतरले. यावर राजकीय वाद घालण्याचा मोह आवरावा. त्यांना तेव्हा काय वाटले तेवढेच नोंदवावे.

रेकॉर्डिंग, परवानगी आणि प्रती

साधा मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर ठेवावा, पंखा बंद करावा, फोन टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या पंचावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचे नाव, हुद्दा व पलटण स्वतःच्या आवाजात बोलून घ्यावी. नंतर उतरवून काढताना त्यांची भाषा सुधारू नये. फौजी हिंदी, गावची बोली आणि इंग्रजी हुकूम यांचे ते मिश्रण तसेच ठेवावे, आणि 'आरओपी', 'कॉर्डन', 'स्टँड टू' अशा शब्दांचा अर्थ त्यांनाच विचारून बाजूला लिहावा.

परवानगी कागदावर घ्यावी आणि ती एकाच सहीत गुंडाळू नये. कोणता भाग फक्त घरात राहील, कोणता गावच्या वाचनालयाला किंवा अभ्यासकांना देता येईल, आणि कोणता त्यांच्या पश्चातच उघडायचा, हे वेगवेगळे विचारावे. शासकीय गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो, त्यामुळे गुप्त कागदपत्रे, सांकेतिक खुणा किंवा हेरगिरीशी संबंधित तपशील कुणी सांगितले तरी ते प्रसिद्ध करू नयेत. मेलेल्या साथीदाराचे नाव व त्याच्या मृत्यूचे वर्णन त्याच्या कुटुंबाला कळवल्याशिवाय बाहेर देऊ नये. आपल्या फाइलमधून एखाद्या मुलीला तिचा बाप कसा गेला हे प्रथम कळणे योग्य नाही.

लिहून झालेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा, मोठ्या आवाजात आणि सावकाश. या वाचनात ते दुरुस्त्या सुचवतात, कधी एखादे नाव काढायला सांगतात, आणि पुष्कळदा मुलाखतीत न आलेली गोष्ट इथेच येते, म्हणून वाचतानाही रेकॉर्डर चालू ठेवावा. काढायला सांगितलेले वाक्य वाद न घालता काढावे. शेवटी तीन प्रती कराव्यात : एक घरात पेनड्राइव्हवर, एक परगावच्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन साठ्यात. छापील प्रत डिस्चार्ज बुक आणि पदकांच्या पेटीसोबत ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर पुढे ती कुणाच्या ताब्यात राहणार त्याचे नाव आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे.